पहिल्या बाईंची संक्रांत, भट्टीवरची नानकटाई

दसरा सरला की मांजरसुंब्याच्या चौकाला दोन्ही बाजूंनी भरती येते. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं पाट्यांतून रस्त्याच्या कडेला येऊन बसतात आणि त्याच रस्त्याने ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक, ट्रॅक्टर जाऊ लागतात. सोलापूर–धुळे महामार्ग इथून घाट उतरून बीडकडे जातो. नगरहून जामखेड, पाटोदा करत आलेला रस्ता त्याला छेदून केज, अंबाजोगाईकडे निघतो. ट्रॉलीत भांड्याकुंड्यांचं गाठोडं, पिठाचा डबा, एखादी शेळी, तिच्या शेजारी दोन पोरं आणि सगळ्यांत वर गुंडाळलेली ताडपत्री. कुणी सांगली, कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात, तर कुणी साताऱ्याकडे, कराडच्या बाजूला. काहींची दिवाळी गावात होते, काहींची फडावर. कार्तिकी पौर्णिमेला इथून जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते, तोवर निम्मी गावं रिकामी झालेली असतात.

जे मागे राहतात त्यांच्या घरी दिवाळीच्या आधी एक काम ठरलेलं असतं: नानकटाई भाजून आणणं. चकल्या, शेव, करंज्या घरच्या चुलीवर होतात. नानकटाईला भट्टी लागते. म्हणून मराठवाड्यातल्या बाजाराच्या गावी, बेकरीच्या मागच्या दाराशी या आठवड्यात बायकांची रांग लागते. मैदा, पिठीसाखर, तूप किंवा डालडा घरून न्यायचं, मळायचं तिथं बसून, आणि मजुरी किलोवर द्यायची. पूर्वी हे घरोघर होतं. आता बरेच जण तयार पुडा आणतात, पण रांग संपलेली नाही.

भट्टीवरचा संवादही ठरलेला. “मावशी, तूप पातळ झालंय, जरा सावलीत ठेवा.” “ठेवते बाबा, पण माझा पत्रा दुसरीच्यात मिसळू नको बरं का.” ही मिसळण्याची भीती खरी असते. पत्रे सगळे सारखे, काळे पडलेले. त्यावरचे गोळेही सारखेच. म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. एक अंगठ्याने मधोमध खळगा करते, दुसरी चारोळी दाबते, तिसरी काट्या-चमच्याने फुली मारते, चौथी वेलदोड्याचा एकेक दाणा लावते. भट्टीवाला लांब दांड्याच्या लाकडी फळीने पत्रे आत सारतो आणि बाहेर काढताना बाईचं नाव घेत नाही, खूण सांगतो: “फुलीवाल्या कोण? घ्या.”

बिस्किटाच्या तुकड्यावरून बाई ओळखायची ही तऱ्हा मला अमेरिकेतल्या एका जुन्या रिवाजाची आठवण करून देते. तिथे तर बिस्किटावरून राष्ट्राध्यक्षाची बायको ओळखत होते.

गोष्ट १९९२ सालची. बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते आणि त्यांच्या पत्नी हिलरी नावाजलेल्या वकील होत्या. त्यांच्या वकिलीवरून टीका झाली तेव्हा त्या वैतागून बोलून गेल्या की, घरी बसून कुकीज भाजता आल्या असत्या, चहापानं करता आली असती, पण मी माझा व्यवसाय करायचं ठरवलं. झालं! घर सांभाळणाऱ्या बायकांचा अपमान केला म्हणून गहजब उठला. तेव्हा ‘फॅमिली सर्कल’ नावाच्या महिला मासिकाने दोन्ही उमेदवारांच्या बायकांकडून कुकीची कृती मागवली, छापली आणि वाचकांना मत द्यायला सांगितलं. एका बाजूला हिलरींची ओट आणि चॉकलेटच्या तुकड्यांची कुकी, दुसऱ्या बाजूला त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांची. हिलरी जिंकल्या. गंमत म्हणजे त्यांच्या कृतीत लोणी नव्हतं, घट्ट वनस्पती तूप होतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी डालड्यात केलं!

ही स्पर्धा पुढे दर चार वर्षांनी २०१६ पर्यंत चालली. सात वेळांपैकी पाच वेळा जिची कुकी जिंकली तिचाच नवरा निवडून आला. २००८ आणि २०१६ मध्ये अंदाज चुकला. २०१६ मध्ये तर हिलरी स्वतः उमेदवार होत्या. तेव्हा कृती द्यायची पाळी बिलसाहेबांवर आली आणि त्यांनी घरातली तीच जुनी कृती कुटुंबाच्या नावाने पुढे केली. ते मासिक २०१९ मध्ये बंद पडलं. वकिली केलेल्या, पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या बाईला आपण चांगली बाई आहोत हे दाखवायला ओटचं पीठ मळावं लागलं. यात हसण्यासारखं काही असेल तर ते कडवटच.

आपल्याकडे असं काही झालं नाही, याचं श्रेय घ्यायचं कारण नाही. आपल्याकडे बाईची कृतीही कुणी विचारली नाही.

राज्याची ‘फर्स्ट लेडी’ असं पद आपल्या घटनेत नाही. अमेरिकेच्याही नाही, पण तिथे त्या बाईला स्वतंत्र कार्यालय असतं, कर्मचारी असतात, तिचे कागद ग्रंथालयात जातात. महाराष्ट्रात मुख्यमंत्र्याची बायको म्हणजे बंगल्यावरच्या बाईसाहेब. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. त्या दिवशी महाराष्ट्राच्या पहिल्या बाई कोण झाल्या, हे विचारलं तर भल्याभल्यांना थांबावं लागतं. वेणूताई चव्हाण. आम्हा बीडकरांच्या हिशेबात तर त्या साडेतीन वर्षं आधीच आमच्या झाल्या होत्या. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, तरी बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच दिवशी यशवंतराव त्या राज्याचे मुख्यमंत्री झाले. तोवर इकडच्या हॉटेलांतल्या चहाबरोबर हैदराबादचं उस्मानिया बिस्किट बुडवायची रीत होती. राज्य बदललं तरी ती पुष्कळ दिवस टिकली.

वेणूताई फलटणच्या, माहेरच्या मोरे. २ जून १९४२ ला कराडच्या तरुण वकिलाशी त्यांचं लग्न झालं. नवरा काँग्रेसचा कार्यकर्ता, सासू विठाई, घरात दीर-जावा, मिळकत बेताची. लग्नाला सव्वादोन महिने होतात न होतात तोच ९ ऑगस्ट उजाडला. मुंबईत आदल्या रात्री ‘चले जाव’चा ठराव झाला होता आणि यशवंतराव सातारा जिल्ह्यात परतून भूमिगत झाले. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचं बक्षीस लावलं. नवऱ्याच्या डोक्यावर बक्षीस आणि घरात नवी नवरी; तिच्या हातच्या पहिल्या दिवाळीचं काय झालं असेल ते ज्याने त्याने ताडावं.

पुढे आली संक्रांत, १९४३ ची. लग्नानंतरची पहिली. ज्या घरात नवी सून असते तिथे या दिवसाची तयारी महिनाभर चालते: काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, सुगडं, वाणाचं सामान. हलवा करणं हे किती चिवट काम आहे ते केलेल्यालाच ठाऊक. मंद शेगडीवर परात, तीत तीळ, त्यावर थेंब थेंब पाक, आणि बोटं भाजेस्तोवर फिरवत राहायचं, तेव्हा कुठे काटा येतो. वेणूताईंच्या वाट्याला त्या दिवशी हलव्याऐवजी पोलीस आले. नवरा सापडत नाही म्हणून बायकोला अटक झाली आणि काही आठवडे त्या तुरुंगात राहिल्या. त्यांचा गुन्हा एवढाच की त्या यशवंतरावांच्या पत्नी होत्या.

त्याच काळात घरावर एकामागून एक घाव बसले. एक दीर, गणपतराव, तुरुंगात गेले. थोरले दीर ज्ञानोबा आजारपणात वारले. तुरुंगातून सुटलेल्या वेणूताई खंगल्या आणि माहेरी फलटणला अंथरुणाला खिळल्या. बायको फार आजारी आहे असं कळल्यावर यशवंतराव राहवेना म्हणून तिला भेटायला गेले आणि तिथेच पकडले गेले. महिनोन्‌महिने पोलिसांना गुंगारा दिलेला माणूस बायकोच्या खाटेपाशी सापडला. चव्हाणांच्या आयुष्यातले राजकीय निर्णय, त्यातलं धोरण, त्यातली सबुरी यावर ढिगाने लिहिलं गेलं आहे. मला मात्र हा एक निर्णय त्या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो, कारण यात धोरण नव्हतंच.

पुढचा प्रवास झरझर सांगून होतो. १९४६ मध्ये यशवंतराव आमदार, मग संसदीय सचिव, मग मंत्री. पुढे गणपतरावही गेले. दोन्ही भाऊ गेल्यावर मागच्या मुलांचं सगळं वेणूताईंनी पाहिलं. त्यांना स्वतःचं अपत्य नव्हतं. मलबार हिलवरचा ‘सह्याद्री’ बंगला मुख्यमंत्र्याचं घर झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस होते ते. बाहेर यशवंतरावांच्या नावाने शिमगा चालू आणि आत पंगती. मग नोव्हेंबर १९६२, चीनचं आक्रमण. पंडित नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री होण्यासाठी दिल्लीला बोलावलं आणि ही गोष्ट कुणाला सांगू नका म्हणून बजावलं. एका व्यक्तीला विचारल्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही, ती व्यक्ती म्हणजे माझी पत्नी, असं यशवंतरावांनी नेहरूंना सांगितल्याची आठवण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हापासून आपण म्हणत आलो. सह्याद्रीने आधी घरात विचारलं, हे म्हणताना मात्र आवाज खाली येतो.

दिल्लीत १, रेसकोर्स रोड. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती बदलत गेली आणि १९७९ मध्ये काही काळ उपपंतप्रधानपदही आलं. यशवंतराव परदेशी गेले की तिथून वेणूताईंना सविस्तर पत्रं लिहीत. ती पुढे ‘विदेश दर्शन’ या नावाने पुस्तकरूपात आली. परराष्ट्रमंत्री कुठल्या राजधानीत काय पाहतो, कुणाविषयी त्याचं काय मत होतं, हे बायकोला इतक्या मोकळेपणाने लिहिणारे राजकारणी आपल्याकडे फार नाहीत. पण पुस्तक एका बाजूचं आहे. लिहिणारे ते, वाचणाऱ्या त्या. बहात्तरच्या दुष्काळात बीडची माणसं खडी फोडत होती, पोरं कामावर मिळणारी सुकडी खात होती, तेव्हा देशाचे अर्थमंत्री यशवंतराव होते. त्या दिवसांत त्या घरात जेवताना काय बोलणं होत असेल? ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

इथे मला आमच्या चौकातून जाणाऱ्या ट्रॉलीकडे परत यावंसं वाटतं. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात जाते, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन वाहनात भरते, संध्याकाळी पुन्हा चूल पेटवते. हिशेबाच्या वहीत नाव मात्र नवऱ्याचं. निम्मा कोयता ती असते आणि वहीत ती नसते. मुख्यमंत्रिपद हा असाच एक कोयता होता, असं म्हटलं तर यशवंतरावांवर प्रेम करणाऱ्यांना राग येईल. येऊ दे. निदान यशवंतरावांना तो आला नसता, कारण बाईंचं नाव वहीत घालायचा प्रयत्न त्यांनी स्वतः केला.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लग्नाचा एक्केचाळिसावा वाढदिवस होता. त्यानंतर यशवंतराव जेमतेम दीड वर्ष जगले, २५ नोव्हेंबर १९८४ पर्यंत. त्या दीड वर्षात त्यांनी जे केलं ते पाहण्यासारखं आहे: पत्नीच्या नावाने न्यास केला आणि कराडला तिच्या स्मारकाची आखणी केली. आज त्यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह आहे तोही वेणूताईंच्या नावाच्या वास्तूत. आपल्याकडे बायकांच्या नावाने पुढाऱ्यांनी काढलेल्या संस्थांचा तोटा नाही आणि त्यातल्या बऱ्याचशा जागा मिळवण्यासाठी असतात. हा अपवाद आहे, असं मी मानतो.

आता कृतीकडे. सरळ सांगतो: ही नानकटाई वेणूताईंची नव्हे. त्यांच्या हातची अमुक एक कृती म्हणून काही सांगायचं तर खोटं बोलावं लागेल, आणि तसं बोलायला दिवाळी अंक ही सोयीची जागा असली तरी मला ते जमणार नाही. ही कृती आमच्या बाजूच्या भट्ट्यांवर चालते ती, घरच्या मापात आणलेली.

मैदा दोनशे ग्रॅम, बेसन पन्नास, बारीक रवा पंचवीस. पिठीसाखर सव्वाशे ग्रॅम, साजूक तूप दीडशेच्या आत-बाहेर. बेकिंग पावडर अर्धा चमचा, खायचा सोडा दोन चिमटी, मीठ एक चिमूट, वेलदोडा आणि जायफळ. बेसन घालायचं नाही असं म्हणणारी घराणी आहेत. त्यांची नानकटाई पांढरी होते, पण तोंडात टाळूला चिकटते. बेसनाने खुसखुशीतपणा येतो आणि भाजल्याचा वास उठतो.

सगळा खेळ तुपाचा. तूप वितळलेलं नको, फार घट्टही नको. थिजलेलं, रवाळ, बोट घातलं तर खड्डा राहील असं. पितळेच्या परातीत ते एकटंच घ्यायचं आणि तळहाताने फेसायचं, एकाच दिशेने. पिवळा रंग जाऊन ते पांढरं, हलकं होत जातं. मग पिठीसाखर थोडी थोडी घालून पुन्हा फेसायचं. मिक्सर चालतो, पण हाताला जे कळतं ते त्याला कळत नाही, कारण साखरेची कचकच कधी संपली हे तळव्यालाच समजतं. झालं की नाही याची परीक्षा सोपी: वाटीभर गार पाण्यात त्यातला वाटाण्याएवढा गोळा टाकायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून फेसा. या पायरीला घाई केली की नानकटाई दगड होते आणि दोष भट्टीवाल्याला जातो.

मैदा, बेसन, रवा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ दोनदा चाळून घ्या आणि वेलदोडा-जायफळाच्या पुडीसकट फेसलेल्या तुपात मिसळा. मळायचं नाही, बोटांनी नुसतं गोळा करायचं. पाणी, दूध काही नको. गोळा धरेना तर चमचाभर तूप. अर्धा तास झाकून ठेवा. लिंबाएवढे गोळे करून हलकेच चपटे करा, पत्र्यावर दोन बोटं अंतर सोडून मांडा, ते पसरतात. आपली खूण करायला विसरू नका.

ओव्हन असेल तर आधी तापवून १६० ते १७० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. नसेल तर जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्ये वाटीभर मीठ पसरा, वर जाळी ठेवा, झाकून दहा मिनिटं तापवा. कुकरची शिट्टी आणि रबर काढून टाका. मग ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. कडेला किंचित बदामी रंग आला आणि वर तडे गेले की काढा. काढल्यावर ती मऊ लागेल. कच्ची राहिली म्हणून पुन्हा आत सारणारे हमखास जाळून बसतात. पत्र्यावरच गार होऊ द्या. कडक ती बाहेर होते. भट्टीवर जाळ विझवल्यावर उरलेल्या आचेत भाजतात, म्हणून तिथली चव घरी येत नाही, हेही मान्य करून टाकावं.

डालड्यात करायची तर तो तुपापेक्षा जरा कमी घ्या, फेसायला वेळही कमी लागतो. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि साजूक तूप न परवडणाऱ्या घरांतही नानकटाई होऊ लागली. त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा रेशनच्या साखरेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या आजीला विचारून पाहावं. ही मिठाई सुरतेच्या डच वखारीतल्या भट्टीपासून पारशी बेकरीवाल्यांमार्फत मुंबईत आणि तिथून आपल्याकडे उतरली असं सांगतात. आमच्या बाजूला ती पोचली तेव्हा तिच्यात घातलेली साखर मात्र आमच्याच हातांनी तोडलेल्या उसाची असण्याची शक्यता बरीच होती, आणि आहे. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या फडात बालाघाटची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहेत. यशवंतरावांनी ज्या सहकारी साखर कारखानदारीला बळ दिलं तिने पश्चिम महाराष्ट्र उभा केला. त्यात आमच्या कोयत्यांचा वाटा किती, हा हिशेब कुठल्याच जयंतीच्या भाषणात निघत नाही.

म्हणून दोन मागण्या आहेत आणि दोन्ही अवघड नाहीत. शालेय पुस्तकात महाराष्ट्राच्या स्थापनेचा धडा असतो. त्यात १९४३ च्या संक्रांतीला तुरुंगात गेलेल्या मुलीसाठी चार ओळी घालाव्यात. आणि ज्यांच्या घरातलं कुणी ‘सह्याद्री’वर किंवा रेसकोर्स रोडवर मुदपाकखान्यात, बागेत, गाडीवर कामाला होतं, त्यांनी वेणूताईंच्या घरी काय शिजत होतं, काय बोललं जात होतं, ते आताच कुणाकडून तरी लिहवून घ्यावं. त्या पिढीतली फार थोडी माणसं उरली आहेत. यंदा ऊसतोडीला कराडच्या बाजूला जाणाऱ्या आमच्या लेकीबाळींना एवढंच सांगणं की, एखाद्या दिवशी सवड मिळाली तर एकदा गावात जाऊन वेणूताईंचं स्मारक पाहून या.